मृगाआधी ग्राइंडर उघडताना करावयाची तयारी

कोल्हापुरात मृग साधारण ७ जूनच्या आसपास लागतो आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर नाल्यांतला वर्षभराचा कचरा एकदम वाहून पंपिंग स्टेशनवर येतो. म्हणून मैलापाण्यातील घन कचरा बारीक करणाऱ्या ग्राइंडरची उघडून तपासणी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरकलेली असावी. वळवाने एक-दोन दिवस मोडले तरी हाती वेळ राहतो.

यंत्र उघडण्याआधी गेल्या तीन महिन्यांची नोंदवही समोर घ्यावी. अडकलेला कचरा सोडवण्यासाठी शाफ्ट (कटर बसवलेला फिरता दांडा) किती वेळा उलटा फिरला, हे पॅनेलवर मोजले जात असेल तर तो आकडा आणि पुढच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) किती वेळा साफ करावा लागला, ही संख्या शेजारी-शेजारी मांडावी. दोन्ही वाढल्या असतील, तर कटर बोथट झाले आहेत किंवा त्यांची चळत सैल झाली आहे, असे धरून सुटे भाग आधीच मागवावेत. ग्राइंडर कचरा काढत नाही, फक्त त्याचे तुकडे करतो. चिंध्यांच्या लांब पट्ट्या न कापता पार झाल्या, तर त्या पुढे पिळल्या जाऊन दोर होतात. गेल्या वर्षी आमच्या इम्पेलरवरून निघालेल्या वितभर जाड दोरात साडीचा जरीकाठ आणि नारळाची किशी अशी गुंतली होती की सुरीही चालेना.

प्रवाह सर्वांत कमी असण्याची वेळ, म्हणजे मध्यरात्रीनंतरचे तीन-चार तास, कामासाठी ठरवावी आणि तेवढ्या काळापुरती हाताने साफ करायची जाळी चॅनेलमध्ये बसवून तिथे दाताळे घेतलेला माणूस उभा करावा. वीज तोडून आयसोलेटरला, म्हणजे वीज तोडण्याच्या मुख्य खटक्याला, कुलूप घालावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि मग मुद्दाम स्टार्टचे बटण दाबून पाहावे, कारण फ्लोटवर (पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या खटक्यावर) चालणारे यंत्र पाणी वाढताच आपोआप सुरू होते. अडकलेल्या शाफ्टमध्ये ताण दडलेला असतो. चिंधी ओढताच तो गर्रकन फिरू शकतो, म्हणून हाताऐवजी आकडी वापरावी.

माणसाने खाली उतरायचे नाही, हे ठरवूनच मार्गदर्शक पट्ट्यांवरून यंत्र चेनपुलीने वर घ्यावे. गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ चा कायदा मनाई करतो. तरीही वरून वाकून काम करणार असाल, तर गॅसमापक दोरीने सोडून तळ, मध्य आणि वर अशा तिन्ही ठिकाणी नोंद घ्यावी. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, तर मिथेन वर चढतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी असेल, तर काम थांबवावे.

सर्वांत जास्त लक्ष कटर आणि स्पेसरच्या (दोन कटरमध्ये अंतर राखणाऱ्या चकत्यांच्या) चळतीकडे द्यावे. दोन्ही शाफ्टवर एकाआड एक बसवलेल्या या चकत्यांमध्ये वाळू शिरली की कडा घासतात, वरचा नट ढिला पडतो आणि एकमेकांच्या फटीत घुसणाऱ्या कटरमधले अंतर बदलते. उद्यमनगरात काहीही कातून मिळते याचा आम्हाला अभिमान आहे, पण एकदा घाईत आम्ही जाडीची मर्यादा न सांगताच स्पेसर बनवून घेतले. एकेकात ०.०५ मिमीची चूक होती, ४० स्पेसरवर ती २ मिमी झाली आणि कटर कटरवर घासू लागले. चूक आमचीच होती. तेव्हापासून नव्या स्पेसरची जाडी मायक्रोमीटरने मोजून कागदावर लिहिल्याशिवाय आम्ही चळत चढवत नाही. नट टॉर्क पान्याने निर्मात्याने दिलेल्या मापापर्यंतच आवळावा आणि काही तास चालवल्यावर पुन्हा तपासावा. शाफ्टभोवती पाणी आत शिरू न देणाऱ्या मेकॅनिकल सीलमधून तेल किंवा पाणी येत असेल, तर सील तेव्हाच बदलावे. ते पावसाळ्यावर ढकलू नये.

मोटर पाण्याखाली चालणारी नसेल, तर पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट या इशारा पातळीला पोचली की ती उचलून वर नेण्याचा आदेश आताच लेखी करून ठेवावा. ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत अनेक रस्त्यांवर पाणी असते. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना याचे कारण सांगावे लागत नाही.

वीज परत जोडल्यावर फेज उलटल्या नाहीत ना, हे पाहावे. पाणी येते त्या बाजूने दोन्ही शाफ्ट आत, एकमेकांकडे फिरले पाहिजेत. उलट फिरण्याची मोजणी शून्यावर आणावी आणि जूनमधील पहिल्या पावसानंतरचा आकडा त्याच नोंदवहीत तारखेसह लिहावा.