स्प्रिंग प्रॅक्टिसमध्ये नवा क्वार्टरबॅक सुधरतोय का, हे कसं बघायचं (माझ्या दोन सीझनचा अनुभव)

मी मूळची कोल्हापूरची, आणि आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध शिवाजी, आणि मॅच संपल्यावर पेठेत पुढचे दोन दिवस चालणारे वाद. त्यामुळे इथे अमेरिकेत एमएसला आल्यावर घरी फोनवर सांगितलं की युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमसोबत काम मिळालंय, तेव्हा पप्पांनी पहिलं विचारलं, गोलकीपर कसाय? गोलकीपर नाही पप्पा, इथला फुटबॉल हाताने खेळतात. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, बरं, जेवलीस का.

तर काम काय, तर स्टुडंट असिस्टंट. आधी व्हिडिओवाल्यांकडे होते, नंतर क्वार्टरबॅकच्या प्रत्येक थ्रोची नोंद ठेवायचं काम आलं, त्याला इथे चार्टिंग म्हणतात. डेटा किंवा स्टॅट्स शिकायला आलेली आपली बरीच मुलं-मुली विचारतात की या फील्डमध्ये शिरायचं कसं, आणि शिरल्यावर नेमकं बघायचं काय. शिरायचं कसं ते शेवटी सांगते, कारण ते सोपंय. बघायचं काय हेच मला कळायला एक अख्खा स्प्रिंग गेला.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, आणि प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला बॉल ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. तोच फेकतो, नाहीतर दुसऱ्याच्या हातात देतो, नाहीतर स्वतः पळतो. खरी सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होते, पण कॉलेजमध्ये मार्च-एप्रिलच्या आसपास स्प्रिंग प्रॅक्टिस असते, आणि नियमाने फक्त 15 सेशन मिळतात. पंधरा! यात बाहेरून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराबद्दल ठरवायचं असतं की हा पुढे जाईल की नाही.

आमच्याकडे असाच एक पोरगा आलेला, हायस्कूल डिसेंबरमध्येच संपवून जानेवारीत कॅम्पसवर हजर. हात एकदम भारी. पहिल्या आठवड्यात मी मनापासून एक सुंदर शीट बनवली, किती थ्रो, किती पकडले गेले, टक्के, रंगीत ग्राफ वगैरे, आणि एका असिस्टंट कोचला नेऊन दिली. त्याने कागदावर नजर फिरवली, कॉफीचा कप त्याच कागदावर ठेवला आणि म्हणाला, "तू बॉल बघतेयस. बॉल मलापण दिसतो." झालं. एवढंच बोलून मीटिंगला गेला. मला दोन दिवस राग होता, पण तो बरोबरच होता, आणि त्याचं म्हणणं नीट कळलं ते एका प्लेमुळे, म्हणजे आधी ठरवलेल्या चालीमुळे, तो जरा सविस्तर सांगते.

त्या प्लेला स्मॅश म्हणतात, शाळेपासून एनएफएलपर्यंत (इथली प्रोफेशनल लीग) सगळेच वापरतात. मैदानाच्या एका बाजूला दोन रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे. बाहेरचा पाचेक यार्ड जाऊन थांबतो आणि वळतो, आतला सरळ वर पळून मग बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतो. क्वार्टरबॅकने बघायचा फक्त एक माणूस, तिथला कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला उभा असलेला डिफेन्सवाला. तो मागे सरकला तर जवळच्याला दे, तो पुढे जवळच्यावर बसला तर त्याच्या डोक्यावरून कोपऱ्यात टाक. ऐकायला किती सोपं ना. आता दुसऱ्या सेशनला आमच्या पोराने हा प्ले खेळला, कॉर्नरबॅक जवळच्यावरच बसलेला, तरी याने जवळच्याला फेकला, रिसीव्हरने कसाबसा पकडला, दोन यार्ड मिळाले. माझ्या शीटवर: कम्प्लीट, हिरवा रंग. आठव्या सेशनला तोच प्ले, तसाच कॉर्नरबॅक, याने वेळेत कोपऱ्यात टाकला पण बॉल दोन-तीन यार्ड लांब गेला. माझ्या शीटवर: इनकम्प्लीट, लाल रंग. म्हणजे माझ्या शीटच्या हिशोबाने पोरगा बिघडत चाललेला आणि प्रत्यक्षात सहा सेशनमधली सगळ्यात मोठी सुधारणा तीच होती. लांब गेलेला बॉल आटोक्यात आणता येतो, पण चुकीच्या माणसाकडे बघायची सवय मॅचमध्ये इंटरसेप्शन देते, म्हणजे पास समोरची टीमच पकडते.

आणि गंमत बघा, बाराव्या की तेराव्या सेशनला डिफेन्सने त्याला फसवलं. स्नॅपच्या, म्हणजे बॉल क्वार्टरबॅककडे येण्याच्या, आधी मागे दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे डिफेन्सवाले) उभे केले, आणि बॉल हलल्याबरोबर एक खाली धावत आला, कॉर्नरबॅक एकदम खोल पळाला. पोराने आधीच ठरवून ठेवलेलं कोपऱ्यात टाकायचं, टाकला, इंटरसेप्शन. बाजूला उभे असलेले सगळे "ओह" करून ओरडले. मी शीटवर लिहिलं, नवीन चूक. हा कॉलम मी स्वतः वाढवला होता आणि आजही माझा सगळ्यात आवडता कॉलम तोच आहे: चूक जुनी की नवी. तीच चूक पाचव्यांदा केली तर काळजी करा, पण पोरगा दर आठवड्याला नवीन प्रकारची चूक करत असेल तर गाडी पुढे चाललीय, कारण डिफेन्सला त्याच्यासाठी नवीन सापळा लावावा लागतोय.

ऑफसीझनमध्ये आकडे फसवतात त्याची कारणंपण समजून घ्या. एक तर क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते, बऱ्याच ठिकाणी लाल, आणि त्याला कुणी पाडायचं नसतं. सेव्हन ऑन सेव्हन नावाचा ड्रिल असतो त्यात तर समोरून अंगावर येणारे धिप्पाड लाइनमनच नसतात. नेटमध्ये थ्रोडाउनवर कव्हर ड्राइव्ह मारण्यासारखं आहे ते, छान दिसतं, व्हिडिओ टाकायला बरं. म्हणून तिथे मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावते, स्नॅपपासून बॉल हातातून सुटेपर्यंत. एनएफएलमध्ये हा वेळ सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास असतो. अंगावर कुणीच येत नसताना एखाद्याने चार सेकंद बॉल धरून मग सुंदर लांब पास टाकला तर लोक टाळ्या वाजवतात, माझ्या शीटवर तो पाडला गेला असं धरते, मग रिसीव्हरने एका हाताने पकडू दे नाहीतर दाताने.

दुसरं, तो कुणासोबत खेळतोय. नवीन पोराला पहिल्या फळीसोबत सरावाच्या पाळ्या मिळत नाहीत, तिसऱ्या फळीचे लाइनमन, तिसऱ्या फळीचे रिसीव्हर, अर्धे पास तर ते लोक चुकीच्या जागी वळल्यामुळे पडतात. त्यामुळे चूक कुणाची हा कॉलम हवाच. पण प्ले काय होता हे माहीत नसताना चूक कुणाची हे ठरवू नका! कोचकडे त्या दिवसाची स्क्रिप्ट असते, कुठला प्ले, समोर कुठला डिफेन्स, सगळं छापलेलं. ती हातात नसेल तर तो कॉलम सरळ रिकामा ठेवा, मी सुरुवातीला अंदाजाने भरायचे आणि नंतर फिल्म बघताना लाज वाटायची.

तिसरं म्हणजे इन्स्टॉल. स्प्रिंगमध्ये दर एक-दोन सेशनला नवीन प्ले शिकवतात. चौथ्या-पाचव्या सेशनला पोरगा अचानक ढेपाळल्यासारखा वाटतो, पाय जागेवर नाहीत, बॉल उशिरा सुटतोय, कारण डोक्यात नुसती गर्दी झालेली असते. तो आलेख तेव्हा खाली जाणारच. नवीन माल डोक्यात बसायला किती सेशन लागतात ते बघा, पहिल्यांदा तीन लागले आणि पुढच्या वेळी एक, तर उत्तर मिळालं.

हॅशचं एक सांगायचं राहिलं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मैदानावर प्ले जिथून सुरू होतो त्या दोन रेषा असतात ना, त्यांच्यातलं अंतर हायस्कूलमध्ये 53 फूट 4 इंच, कॉलेजमध्ये 40 फूट आणि एनएफएलमध्ये फक्त 18 फूट 6 इंच. म्हणजे कॉलेजमध्ये बॉल डाव्या हॅशवर असताना उजव्या साइडलाइनजवळ टाकलेला दहा यार्डांचा पास हवेत प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त जातो. म्हणून हॅश नोंदवल्याशिवाय "दहा यार्डांचा पास, थोडा मागे पडला" हे वाक्य काहीच सांगत नाही.

मग बॉल नाही बघायचा तर काय? डोळे आणि पाय. मागच्या बाजूने घेतलेल्या फिल्ममध्ये हेल्मेट कुठे वळतंय ते स्वच्छ दिसतं. नवीन पोरं पहिल्या रिसीव्हरकडे टक लावून बसतात आणि सेफ्टी निवांत त्या नजरेच्या मागे चालत येतो. पाय म्हणजे, मागे जाताना शेवटचं पाऊल पडलं की बॉल निघाला पाहिजे, नाहीतर एक छोटी उडी घेऊन दुसऱ्या रिसीव्हरकडे वळलं पाहिजे. पाय जागच्या जागी नाचायला लागले की समजा डोकं अडकलंय. मी आता प्रॅक्टिस चालू असताना बॉल कुठे गेला हे बघतच नाही, ते नंतर फिल्ममध्ये मिळतं.

अजून एक, हे कुठल्याच शीटमध्ये मावत नाही. हडलमध्ये, म्हणजे प्लेच्या आधी सगळे गोल करून उभे राहतात तिथे, तो प्ले कसा सांगतो. एका प्लेचं नाव म्हणजे आपल्याकडच्या लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखं, संपतच नाही. फॉर्मेशन, मोशन, प्रोटेक्शन, रूट, कितीवर स्नॅप. 2024 पासून वरच्या डिव्हिजनच्या कॉलेजमध्ये हेल्मेटमधून कोचचा आवाज येतो, पण प्ले सुरू करायच्या 40 सेकंदांच्या घड्याळात 15 उरले की तो बंद होतो, पुढचं तुझं तू. पहिल्या आठवड्यात आमचा पोरगा अर्ध्यातच थांबायचा आणि सगळे लाइनमन मान वळवून त्याच्याकडे बघायचे. एप्रिलमध्ये ते वळून बघायचे बंद झाले. मी हे कोचला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याने वही काढून काहीतरी लिहून घेतलं!

एनएफएलचं बघणाऱ्यांसाठी थोडंसं. मे-जूनमध्ये ओटीए नावाची प्रॅक्टिस असते, तिथे अंगाला भिडणं बंद, तरी बातम्या येतात की अमुकने आज तीन इंटरसेप्शन दिले, संपला. 2018 च्या उन्हाळ्यात क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सच्या कॅम्पमधल्या इंटरसेप्शनवर पण अशीच चर्चा झालेली, आणि त्या सीझनला त्याने टचडाउनचे (म्हणजे स्कोअर देणारे) 50 पास टाकून एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेतला. कोचला कधीकधी हवंच असतं की पोराने अरुंद फटीत बॉल घालून बघावा, जमतंय का ते आत्ताच कळू दे. जोश ॲलनचं उदाहरण तर सगळेच देतात, 2018 मध्ये 52.8 टक्के पास पूर्ण, 2019 ला 58.8 आणि 2020 ला 69.2. ऑफसीझनला त्याने जॉर्डन पामर या क्वार्टरबॅक कोचसोबत थ्रोच्या मेकॅनिक्सवर मेहनत घेतली हे खरंच, पण 2020 मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हरपण टीमला मिळाला, हे सांगायला लोक विसरतात. आणि जॉर्डन लव्ह, 2020 ला ड्राफ्टच्या (टीम नवे खेळाडू निवडतात त्या) पहिल्या राउंडमध्ये घेतलेला, 2023 ला नियमित खेळायला मिळालं आणि 32 टचडाउन. मधल्या तीन ऑफसीझनमध्ये त्याला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पास-नापास करतच होतं.

आता शिरायचं कसं. एफ-1 व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास काम करता येतं, पण पगाराचं असो नाहीतर फुकटचं, आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, सीनियरला विचारून चालत नाही. टीमच्या व्हिडिओ कोऑर्डिनेटरला किंवा ऑपरेशन्सवाल्यांना डिसेंबर-जानेवारीतच मेल करा, मार्चमध्ये जाल तर जागा भरलेल्या असतात. सुरुवातीला पहाटे साडेपाचला थंडीत बॅटऱ्या बदलणं, कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळणं हेच मिळतं. उंच लिफ्टवर चढून शूट करायला सांगितलं आणि वारा असेल तर सरळ नाही म्हणा, 2010 मध्ये नोत्र दाम युनिव्हर्सिटीत वाऱ्याने लिफ्ट कोसळून एक विद्यार्थी गेला होता, यात भिडस्तपणा नको. आणि बेटिंग पूर्ण बंद, ड्रीम इलेव्हनची सवय असलेल्यांनी नीट ऐका, पैसे लावून फँटसीपण चालत नाही, स्टुडंट असिस्टंटलापण हाच नियम आहे. प्रॅक्टिसमधलं काहीही रूममेटला सांगायचं नाही, माझा रूममेट ग्रुप अजूनही मला विचारतो आणि मी हवामानावर बोलते.

घरबसल्या सराव करायचा असेल तर एनएफएलचा बिग डेटा बोल दरवर्षी असतो, कॅगलवर डेटा मिळतो, एनएफएलव्हर्सचा प्ले बाय प्ले डेटा पण फुकट आहे. पण मेलसोबत मॉडेल पाठवू नका, कोच वाचत नाही. एखाद्या मॅचमधले एकाच क्वार्टरबॅकचे वीस थ्रो घ्या, प्रत्येकापुढे वेळ, हॅश, पहिल्याकडे गेला की दुसऱ्याकडे, आणि तुम्हाला जे दिसलं ते एका ओळीत. एकच पान ठेवा, पीडीएफ, अक्षर मोठं, कारण ती माणसं सगळं फोनवरच बघतात, तेपण चालता चालता.