फुलाकडे नको, पायांकडे बघा : प्रकाश पदुकोण यांची पावलं कशी पाहावीत, कशी गिरवावीत

मार्च १९८० मध्ये लंडनच्या वेम्बली इथे प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड या बॅडमिंटन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं. त्या सामन्याचं चित्रण आज मोबाईलवर पाहता येतं. आमच्याकडची खेळणारी पोरं ते पाहतात आणि बहुतेक जण एकच बोलतात, ‘काय मनगट आहे!’ मनगट होतंच, त्यात वाद नाही. पण तो सामना जितक्या वेळा पाहिला तितकं माझं एक मत पक्कं होत गेलं: त्या मनगटाला जी सवड मिळते ती पायांनी कमावलेली आहे. फुलापाशी, म्हणजे शटलपाशी, आधी पोचलेल्यालाच क्षणभर थांबता येतं, एक दाखवून दुसरं करता येतं. धापा टाकत पोचलेल्याच्या हातात फूल कसंबसं पलीकडे टाकण्यापलीकडे काही उरत नाही.

म्हणून सुरुवात पाहण्यापासून करा. अहिराणीत सांगायचं तर, फूल नको दखू, पाय दख.

लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या

घरात जुनी जाड लग्नपत्रिका असतेच. सामना लावा आणि प्रकाश कॅमेऱ्याच्या जवळच्या बाजूला असतील तो भाग निवडा. आता पत्रिका पडद्यावर अशी धरा, की त्यांच्या कमरेच्या वरचं काहीच दिसणार नाही. रॅकेट नाही, फूल नाही, पलीकडचा किंग नाही. फक्त दोन पाय.

पहिली पाच मिनिटं कंटाळवाणी जातील. मग हळूहळू दिसू लागतं. पाय मोकळेच असतात, पण एकाएकी दोन्ही टाचा किंचित उचलल्या जातात, गुडघे जरासे वाकतात आणि शरीर खाली बसल्यासारखं होतं. त्याच्या पुढच्याच क्षणी पहिलं पाऊल पडतं. या छोट्या उसळीला कोर्टवर स्प्लिट स्टेप म्हणतात. समोरच्याची रॅकेट फुलाला लागते साधारण त्याच वेळी ती व्हायला हवी. लवकर झाली तर पाय जमिनीत रुजल्यासारखे होतात, उशिरा झाली तर फूल निघून जातं. पुठ्ठा धरलेला असताना फूल मारल्याचा आवाज कानांनी ऐका आणि त्याच वेळी पाय काय करतात ते बघा. आवाज आणि उसळी यांचा मेळ तुम्हाला चार-पाच रॅलीतच, म्हणजे एका गुणासाठीच्या फटक्यांच्या देवाणघेवाणीत, सापडेल.

त्यानंतर पावलं मोजा. मागच्या कोपऱ्यापर्यंत किती, जाळीपर्यंत किती. मग तिसरी गोष्ट, जी सहसा कोणीच पाहत नाही: फटका मारून झाल्यावर ते परत कुठे येऊन उभे राहतात?

थोडा हिशेब

एकेरीचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असतं. आपल्या वाट्याला निम्मं, म्हणजे ६.७० मीटर. जाळीपासून सव्वातीन मीटरच्या आसपास मधोमध उभे राहिलात तर मागचा कोपरा तिरका मोजून सव्वाचार मीटरवर येतो. त्यातून तुमच्या हाताची आणि रॅकेटची लांबी वजा करा. उरतं ते अंतर मोठ्या माणसाला तीन पावलांत कापता आलं पाहिजे. पाच-सहा लागत असतील, तर पहिलं पाऊल लहान पडतंय किंवा तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात.

आणि ती योग्य जागा म्हणजे नेहमीच कोर्टचा बरोबर मध्य नव्हे. फूल तुम्ही समोरच्याच्या ज्या बाजूला टाकलं, त्या बाजूला अर्धं पाऊल सरकून उभं राहायचं, कारण सरळ येणारा फटका तिरक्यापेक्षा लवकर पोचतो. हे अर्धं पाऊल प्रकाश यांच्या खेळात पुन्हा पुन्हा दिसतं. इतकं सहज दिसतं की पाहणाऱ्याला वाटतं, हे काही करतच नाहीत, फूलच यांच्याकडे येतंय.

किंगविरुद्ध हे सगळं का चाललं तेही समजून घ्या. किंग १९७८ आणि १९७९ चा ऑल इंग्लंड विजेता. उडी मारून वरून स्मॅश ठोकणं ही त्याची ख्याती. अशा खेळाडूला उंच फूल देणं म्हणजे आयतं ताट वाढणं. प्रकाश यांनी त्याला वेग दिलाच नाही. फूल खाली ठेवलं, अर्ध्या कोर्टात ठेवलं, जाळीपलीकडे लगेच पडणारे हलके ड्रॉप टाकले, गती स्वतःच्या हातात ठेवली. पण जाळीजवळ फूल खालीच ठेवायचं तर ते जाळीच्या पट्टीच्या उंचीवर असतानाच गाठावं लागतं. गुडघ्याच्या उंचीवर गाठलं तर ते उचलण्यावाचून इलाज नसतो, आणि उचललं की किंग उडी मारायला मोकळा. म्हणजे तो सगळा डाव पायांच्या भरवशावर उभा होता.

आता अंगणात उतरा

हे शिकायला हॉल लागत नाही. खान्देशात अजून पुष्कळ घरांपुढे मातीचं अंगण आहे, आणि या कामाला माती सिमेंटपेक्षा दुपटीने चांगली. एक तर गुडघ्यांना हादरा कमी बसतो. दुसरं म्हणजे मातीवर ठसे उमटतात, आणि ठसे तुमची बाजू घेत नाहीत.

सकाळी अंगण झाडा, हलका सडा मारा, पाणी मुरू द्या. पांढऱ्या फक्कीने ५.१८ मीटर रुंद आणि ६.७० मीटर लांब चौकट आखा. पुढची रेघ जाळी समजा, तिच्यापासून १.९८ मीटरवर शॉर्ट सर्व्हिसची रेघ मारा. मधल्या जागेवर एक खूण करा. रॅकेट हातात घ्या, फूल नको. याला शॅडो म्हणतात.

आधी जाळीकडचा उजवा कोपरा घ्या. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलट समजावं.) उसळी घ्या, डावं पाऊल पुढे, आणि शेवटचं लांब पाऊल उजवं. हा लंज. गुडघा वाकवा, रॅकेट पुढे धरा, क्षणभर थांबा, मागे या. दहा वेळा करा. आता खाली वाका आणि ठसे वाचा.

चांगल्या लंजचा ठसा असा असतो: टाचेचा खड्डा खोल, चवड्याचा उथळ, म्हणजे टाच आधी टेकली आणि भार पुढे गेला. अंगठा कोपऱ्याकडे वळलेला. आणि मागे डाव्या पायाच्या आतल्या कडेने ओढलेली एक लांब रेघ, कारण मागचा पाय जागीच खिळून न राहता पुढे सरकला. ती रेघ ब्रेकचं काम करते. वाईट ठसा लगेच ओळखू येतो: चवडा खोल, टाच जेमतेम, आणि पंजा आतल्या बाजूला वळलेला. असा पाय पडला की गुडघ्याला पीळ बसतो. मी दोन वर्षं असाच पाय टाकत सिमेंटवर खेळलो, आणि पुढे दोन महिने जिना चढताना कठड्याला धरून चढावं लागलं. चूक मला कोणी सांगितली नव्हती. ती पहिल्यांदा दिसली ओल्या मातीत.

मागे जाताना तोंड जाळीकडे ठेवून उलटं पळू नका. उसळीनंतर उजवा पाय मागे टाकत कंबर वळवा, अंग आडवं करा, आणि पाय एकमेकांजवळ आणत सरका. फटका मारताना हवेतच दोन्ही पायांची अदलाबदल होते: डावा मागे टेकतो, उजवा पुढे पडतो, आणि डाव्याचा रेटा तुम्हाला मधल्या खुणेकडे ढकलतो. हे जमायला वेळ लागतो. पहिले आठ दिवस न उडता, चालत चालत करा.

सहाही दिशा (पुढचे दोन कोपरे, मागचे दोन आणि दोन बाजू) बसल्या की कोणाला तरी समोर उभं करून बोटाने दिशा दाखवायला सांगा. वीस सेकंद काम, चाळीस सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्या. नवख्याला एवढं पुरे.

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी सहालाच संपवावं, आठनंतर अंगणात उभंसुद्धा राहवत नाही. भरताच्या दिवसांत, म्हणजे थंडीत, सकाळ उत्तम. फक्त अंग गरम झाल्याशिवाय लंज करू नका. संध्याकाळच्या वाऱ्यात फूल खेळणं कठीण, शॅडोला मात्र वाऱ्याची अडचण नाही.

मंगल कार्यालयात खेळत असाल तर

तालुक्याच्या गावी खेळायला छपराखालची जागा म्हणजे बहुधा मंगल कार्यालय किंवा शाळेचा हॉल. याचं वाईट वाटून घेऊ नका. प्रकाश स्वतः बेंगळुरूमध्ये कॅनरा युनियनच्या लग्नाच्या हॉलमध्ये बॅडमिंटन शिकले. तिथून निघून त्यांनी १९७१ ते १९७९ सलग नऊ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, १९७८ मध्ये एडमंटनला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं, १९८३ मध्ये कोपनहेगनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं.

पण एक काळजी घ्या. कालच लग्न झालं असेल तर फरशीच्या कडांना, खांबांच्या बुडाशी अक्षता पडलेल्या असतात. रंगवलेले तांदूळ, ज्वारीचे दाणे. नुसतं झाडून ते जात नाहीत. बुटाखाली एक दाणा आला की लंज करताना पाय सरळ पुढे निघून जातो. झाडून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा आणि फरशी पूर्ण वाळू द्या. बूट गमसोलचे, म्हणजे रबरी तळाचे, घ्या. पळायच्या बुटांचा तळ उंच आणि मऊ असतो, बाजूला सरकताना त्यात घोटा मुरगळतो. पंखे बंद ठेवावे लागतील, नाहीतर फूल भरकटतं.

हॉलमध्ये ठसे नसतात, तिथे कानांनी तपासा. मी पोरांची शॅडो घेताना कधी कधी भिंतीकडे तोंड करून बसतो. धप्प, धप्प असा आवाज आला तर अंगाचा भार टाचांवर राहतोय. मुलगा थकला की आधी आवाज बदलतो, चेहरा नंतर. बुटांची नुसती चुरचुर ऐकू येत असेल तर मी मागे वळूनही बघत नाही.

मग खेळाची पद्धत

पाय वेळेवर पोचू लागले की आठवड्यातून एक दिवस अकरा गुणांचा बिनस्मॅशचा गेम खेळा. जोरात मारलं की गुण समोरच्याला. ड्रॉप, टॉस (मागे उंच टाकलेलं फूल), जाळीवरची ठेव आणि फार तर अर्धा स्मॅश, एवढ्यावर जिंकायचं. तरण्या पोरांना हे जड जातं, पण दोन-तीन रविवारांत ती कोर्टचे कोपरे वापरू लागतात.

दुसरा सराव जाळीजवळचा. जोडीदाराला हाताने फूल टाकायला सांगा. तुम्ही लवकर पोचा, रॅकेट वर धरा आणि मनात ‘एक’ म्हणेपर्यंत मारू नका. त्या ‘एक’मध्ये समोरच्याला काय करावं कळत नाही. प्रकाश यांच्या फसव्या फटक्यांचं बीज तिथे आहे. एकच लक्षात ठेवा: उशिरा पोचून केलेलं थांबणं म्हणजे फूल खाली पडू देणं.

महिनाभराने तीच लग्नपत्रिका काढा आणि तोच सामना पुन्हा लावा. सातवीतली एक मुलगी आमच्याकडे येते. तिला असा दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा तिने मध्येच मोबाईल थांबवला, दोनदा मागे नेला आणि बोट ठेवून म्हणाली, ‘काका, बघा ना, ते पोचलेत आणि फूल अजून यायचंय.’