सेप्टिक शॉक: बीपी आणि किडनीच्या बाबतीत या चुका टाळा

रात्री तीनला फोन येतो, "सर, युरीन होत नाहीये, लॅसिक्स देऊ का?" दरवर्षी रेसिडेंटची बॅच बदलते, फोन तोच. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. सेप्टिक शॉक म्हणजे इन्फेक्शनमुळे बीपी कोसळणं, आणि लॅसिक्स म्हणजे युरीन वाढवणारं औषध.

सगळ्यात आधी ट्रान्सड्यूसर, म्हणजे धमनीत टाकलेल्या लाईनमधलं प्रेशर मोजून मॉनिटरवर दाखवणारा सेन्सर. ही चूक मी इतक्यांदा बघितलीय की आता राऊंडला गेलो की पेशंटआधी नजर तिकडेच जाते. एक आजोबा होते, युरीन इन्फेक्शनमधून सेप्टिक शॉक, नॉरॲड (बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनॅलिन) चालू, आणि मॉनिटरवर मॅप (सरासरी बीपी) 72. आकडा मस्त म्हणून ड्युटीवाल्याने रात्रभर नॉरॲड कमी कमी करत आणलं, युरीन मात्र तासाला दहा मिली. मी पोचलो तर हातपाय गार, गुडघ्यांवर निळसर जाळी, आणि झालं होतं असं की संध्याकाळी लाईन टाकताना कॉट वर घेतली होती, ट्रान्सड्यूसर सलाईन स्टँडला बांधलेला तो खालीच राहिला, चांगला वीतभर. दहा सेंमी खाली राहिला तर बीपी साधारण साडेसात मिमी (पाऱ्याचे) जास्त दिसतं, म्हणजे वीसला पंधरा, आता करा वजाबाकी. खरा मॅप 57! ट्रान्सड्यूसर हृदयाच्या लेव्हलला आणून झीरो केलं, नॉरॲड वाढवलं, सकाळपर्यंत युरीन सुरू झालं. क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढतं ते) पुढचे दोन दिवस चढलंच, ते मागूनच येतं, पण डायलिसिस टळलं. छातीच्या बाजूला, पुढून-मागून मध्यावर, चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या रेषेत ट्रान्सड्यूसर, आणि कॉट हलवली की परत बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

मग लॅसिक्स. लॅसिक्सने युरोबॅग भरते, किडनी बरी होत नाही. अंगात पाणी साठलंय, फुप्फुसं भरलीत, तेव्हा जरूर द्या. पण प्रेशर नसताना दिलं तर आहे तेही पाणी काढून घेताय. आणि त्याआधी युरीनचा कॅथेटर फ्लश करून बघा हो, चोंदलेल्या कॅथेटरवर इलाज करताना पकडलेले लोक आहेत माझ्याकडे.

याच्या उलट टोकाचे म्हणजे बाटलीवर बाटली लावणारे. पहिल्या तीन तासांत किलोला 30 मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1800, इथपर्यंत ठीक. पुढची प्रत्येक बाटली पाय उचलून (पायातलं रक्त हृदयाकडे आल्यावर फरक पडतो का ते बघून), इको बघून, गरज असेल तरच. शिरा तुडुंब भरल्या की किडनीतून रक्त बाहेर निघायला जागा राहत नाही, ती आतल्या आत सुजते. आणि एनएसऐवजी (नॉर्मल सलाईन) आरएल (रिंगर लॅक्टेट) लावा. स्टार्चचं सलाईन तर नकोच, 2012 च्या ट्रायल्सनंतर तो विषय संपला.

'रेनल डोस' डोपामिन, म्हणजे किडनी वाचेल म्हणून कमी डोसमध्ये दिलेलं डोपामिन: 2000 सालीच निकाल लागलाय, फायदा शून्य. अजून लिहितात!

मॅप 65 सगळ्यांना सरसकट? सुरुवातीला हो. 2014 च्या फ्रान्सच्या ट्रायलमध्ये 80-85 ठेवून मृत्यू कमी झाले नाहीत, पण जुन्या बीपीवाल्यांना डायलिसिस कमी लागलं, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं) मात्र एकंदर वाढलं. माझी सवय अशी की जुना बीपी असेल तर काही तास 75 ठेवून बघतो, युरीन सुधारलं तर ठेवतो, नाही तर परत 65. हे माझं, गाईडलाईन नाही.

सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) टाकेपर्यंत नॉरॲड सुरू करायचं थांबू नका, कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून सुरू करा, हातावर लक्ष ठेवा. आणि क्रिएटिनिन वाढलंय म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस अर्धा करणाऱ्यांनो, पहिला डोस पूर्णच द्यायचा असतो, कमी-जास्त काय ते नंतरच्या डोसांना.