पंचगंगा-कृष्णेच्या पूरपट्ट्यात राहता? मग या चुका टाळा

शिरोळ, करवीर, हातकणंगले, मिरज, पलूस या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत महापूर बहुतेक वेळा सांगून येतो. पाणी आधी मळीत, म्हणजे नदीकाठच्या शेतात शिरतं, मग ओढ्यातून उलटं गावाकडे सरकतं, रस्ता बुडवतं आणि त्यानंतर उंबऱ्याला लागतं. हाताशी थोडा तरी वेळ असतो. तरीही माणसं अडकतात, दावणीला बांधलेली जनावरं दगावतात, कारण हा वेळ चुकीच्या खुणेकडे बघत बसण्यात जातो.

"२००५ ला इथवरच आलं होतं"

ही सगळ्यात महागात पडलेली चूक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कित्येक घरं याच भरवशावर थांबली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट. तिथे २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि लगेच २०२१ च्या जुलैत ५६ ओलांडून गेलं, तेही आधीच्यापेक्षा कितीतरी वेगाने. मागचा पूर म्हणजे शेवटची हद्द नव्हे. मोजायची पट्टी म्हणून मात्र तो फार उपयोगी आहे.

ती पट्टी अशी वापरा. भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेघ असेल तर ती उंबऱ्यापासून किती वर आहे ते टेपने मोजा. समजा ४ फूट भरली. तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर ५६ फूट होतं, म्हणजे तिथे साधारण ५२ झालं की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं. गाव बंधाऱ्यापासून जितकं लांब, तितका हा हिशेब ढिला पडतो, म्हणून दोन फूट हात राखून ५० धरा. सांगलीच्या बाजूचे असाल तर हेच आयर्विन पुलाच्या आकड्यावरून करा. मग असाच आकडा गोठ्याचा काढा आणि गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर जिथे सर्वांत आधी पाणी येतं त्या जागेचा काढा. रस्त्याचा आकडा जुन्या माणसांना विचारून, ओढ्यावरची मोरी बघून मिळतो. तिन्ही आकडे दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा. घर सोडण्याची वेळ ठरते ती रस्त्याच्या आकड्यावरून. उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत थांबलात तर ट्रॅक्टरचाही उपयोग नसतो.

आपल्याकडचं आभाळ बघणं

शिरोळात ऊन पडलेलं असतं आणि पाणी मात्र चढत असतं. पंचगंगा भरते ती गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळ्याच्या पावसाने, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीतून. तिथे संततधार असेल तर आपल्याकडची उघडीप कामाची नाही. त्यातच राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं. "अजून विसर्ग सोडलेला नाही" हा दिलासा म्हणूनच फार वेळ टिकत नाही. शिवाय नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फूग धरतं. खालच्या गावांनी म्हणून तीन गोष्टी रोज बघायच्या: घाटमाथ्याचा पाऊस, राधानगरी आणि कोयनेचा विसर्ग, आयर्विन पूल आणि राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. इशारा पातळी लागली की दर तीन तासांनी आकडा वेळेसह लिहून ठेवा. नुसता "४१ फूट" हा आकडा काही सांगत नाही. सहा तासांत दोन फूट चढलं की सहा इंच, यावर सगळं अवलंबून आहे.

जनावरं शेवटी हलवू, हा विचार

उलट करा. जनावरं सर्वांत आधी माळावर गेली पाहिजेत. म्हैस सवयीची नसेल तर गुडघाभर वाहत्या पाण्यातून पुढे पाऊल टाकत नाही, आणि तिच्यासाठी थांबलेला माणूसही अडकतो. पूरपट्ट्यातल्या बऱ्याच सुटकांमध्ये माणसं घर सोडायला तयार नसतात ती गोठ्यापायीच.

घटसर्पाची लस मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला टोचून घ्या, कारण तिचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात. पाणी आल्यावर टोचून उपयोग नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक वहीत लिहा आणि जनावराचा बिल्ल्यासकट फोटो मोबाईलवर ठेवा. भरपाईच्या वेळी याच कागदावर काम अडतं. मोठ्या जनावराला दिवसाला ५-६ किलो वाळली वैरण धरून दहा दिवसांची वैरण आधीच माळावर नेऊन ताडपत्रीखाली ठेवा. उसाचं हिरवं वाडं पुरात मिळत नाही. आणि काही केल्या हलवता आलंच नाही, तर निदान दावं कापून मोकळं सोडा. मोकळं जनावर पोहतं.

दोन दिवसांची भाजी आणि अर्धी औषधाची पट्टी

इथला पूर उतरायला दिवसच्या दिवस घेतो. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. इंधन, दूध, गॅस सगळं अडलं. बीपी, साखर, फिटच्या गोळ्या जूनपासूनच पंधरा दिवसांच्या पुढच्या घेऊन ठेवा. सातबारा, आठ-अ, रेशन कार्ड, आधार, पासबुक, विमा हे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, दुहेरी गाठ मारून ठेवा. पोटमाळ्यावर ठेवू नका, निघताना अंगाबरोबर जाईल अशा जागी ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधा, नाहीतर तो तरंगत निघून जातो. घरात पाणी शिरण्याआधीच, कोरड्या जमिनीवर उभं राहून मेन स्विच पाडा.

शेवटच्या बोटीवर भिस्त

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसांनी भरलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला. ही आठवण गावागावात ताजी आहे, तरी गर्दी झाली की तसंच घडू पाहतं. बोटीत क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ देऊ नका, लाइफ जॅकेट नसलेल्या माणसाला बसवू नका, सामान आणि माणसं एका फेरीत नकोत. वर उभं राहायचं नाही. खालच्या फांद्या आणि विजेच्या तारांखालून जाताना सगळे एकाच बाजूला झुकले की तोल जातो. बुडालेल्या फरशी पुलावरून मोटरसायकल घालणं हीही तितकीच घातक गोष्ट. घोट्याच्या वरचं जोराचं पाणी माणसाचा पाय उचलतं, आणि खाली रस्ता शाबूत आहे की खचलाय ते वरून दिसत नाही.

अडकलात तर ११२, रुग्णासाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७.

पाणी ओसरल्यावरची घाई

मातीच्या भिंतीचं घर पाण्यात उभं राहतं आणि पाणी उतरल्यावर पडतं, कारण पाण्याचा आधार जातो आणि भिजलेला पाया छपराचं वजन पेलत नाही. भिंत पोट काढल्यासारखी दिसली, दार चौकटीत अडकू लागलं, तिरपी भेग पडली, तर सामानासाठीसुद्धा आत जाऊ नका. वैरणीत, भांड्यांत, कपड्यांच्या ढिगाऱ्यात साप असतात. आधी काठीने हलवा, मग हात घाला. चावलाच तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. तो हात किंवा पाय हलू न देता लगेच दवाखाना गाठा. चिखलात वावरताना गमबूट घाला. पुढच्या तीनेक आठवड्यांत ताप आला तर पुराच्या पाण्यात वावरलात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) निदान त्यामुळे लवकर होतं.

बुडालेली शेतीपंपाची मोटर उन्हात वाळवून लगेच चालू करणाऱ्यांचं वाइंडिंग जळतं. वरून कोरडी दिसली तरी आतल्या कॉइलमध्ये ओल आणि गाळ असतो. उघडून धुऊन, वाळवून, मेगर (इन्शुलेशन मोजायचं यंत्र) लावून इन्शुलेशन तपासलं की मगच वीज जोडायची. बेअरिंगचं ग्रीस बदलायचं. बुडालेल्या गाडीला किक मारू नका. एअर फिल्टर आणि प्लग काढून बघा, ऑइल दुधट दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तशीच ओतणं ही चूक तर सगळीकडे दिसते. कोरडी पावडर गठ्ठा होऊन तळाला बसते आणि पाणी शुद्ध होतच नाही. आधी विहिरीचा उपसा करून गढूळ पाणी काढा. मग व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ०.७८५, गुणिले १००० केलं की लिटर मिळतात. ४ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी म्हणजे सुमारे ६२,८०० लिटर. १००० लिटरला २.५ ग्रॅम धरून साधारण १५७ ग्रॅम पावडर झाली. ती बादलीत थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घाला, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडा आणि वरखाली हलवा. चुनकट गाळ बाहेर टाका. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी घ्या. पिवळी झाक आली नाही तर पाण्यातल्या घाणीने क्लोरीन खाल्लं असं समजा आणि पुन्हा डोस द्या. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातल्या पावडरीचा जोर गेलेला असतो, तिचा माप धरून उपयोग नाही.

साफसफाईच्या आधी पंचनाम्यासाठी प्रत्येक खोलीचे फोटो काढा: पाण्याची रेघ, तिच्याशेजारी उभी धरलेली टेप, खराब झालेलं सामान. तलाठी येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. चुना लावायच्या आधी त्या रेघेवर तारीख आणि त्या दिवशीची बंधाऱ्यावरची कमाल पातळी खिळ्याने कोरून ठेवा, आणि दारामागचे तीन आकडे नव्याने लिहा.