फ्राका की ब्लूम? निकाल लेडीज डब्यात

भाचीच्या लग्नाआधी परफ्यूमची एकच बाटली घ्यायची होती आणि मी अडकले दोन पांढऱ्या फुलांत: रॉबेर पिगेचं फ्राका नि गुच्चीचं ब्लूम. दोन्हींच्या पोटात निशिगंध.

फ्राका 1948 चं, जर्मेन सेलिए या बाईंनी घडवलेलं. निशिगंध, पण लोण्यासारखा दाट. आपल्याआधी तोच खोलीत पोचतो. ब्लूम 2017 चं, आल्बेर्तो मोरियास यांचं. त्यात निशिगंधाच्या जोडीला चमेली आणि चक्क मधुमालती, पांढरी उमलून लाल होणारी. आमच्या गेटवर तीच चढलीय, तेव्हा माझं नाक आधीच फितूर होतं.

तर आधी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर जा. निशिगंधाची एक काडी आणि मोगऱ्याचा गजरा घ्या, रात्रभर उशाशी ठेवा. सकाळी गजऱ्याला जो जरा कुजकट, अंगासारखा वास येतो, त्यात इंडोल नावाच्या रसायनाचा हात असतो. पांढऱ्या फुलांत ते असतंच. निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेटही असतं, दुखण्यावरच्या बाममधलं; पहिल्या फवाऱ्यात बाम आठवला तर नाकाला दोष देऊ नका. हे दोन वास तुम्हाला सोसत नसतील तर दोन्ही बाटल्या सोडा.

मॉलच्या एसीत कागदी पट्टीवर सगळंच गोड लागतं. फ्राकाची 2 मिलीची कुपी मी ऑनलाइन मागवली होती. ती डाव्या मनगटावर, ब्लूमचा टेस्टर उजव्या. चोळायचं नाही. तिसरं काही हुंगायचं नाही. नाक थकलं तर आपल्याच ओढणीत खुपसायचं. अर्धा तास भटका, अल्कोहोल उडू दे, आणि मग घामाची परीक्षा. उकाड्यात वास झपाट्याने उडतो, म्हणजे उग्र असेल तो अधिकच अंगावर येतो.

मी ठाण्याहून संध्याकाळची लोकल पकडली. डाव्या हाताने कडी धरली. मुलुंड यायच्या आत खाली बसलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, हात बदल जरा, डोकं चढलं माझं." बदलला. भांडुपला त्यांनी वर बघितलं. "आणि गजरा कुठे लपवलायस?"

ब्लूम घेतलं, 30 मिलीचं. फ्राका वाईट नाही हं; थंडीत, मोठ्या हॉलमध्ये, एकच थेंब, तोही गुडघ्यामागे. दुसऱ्या दिवशी कुडता धुवायला काढला तर डाव्या बाहीवर ते अजून ठाण मांडून होतं.