८०-डी भरण्याआधी पावती नीट पाहा

प्राप्तिकर रिटर्न भरताना आरोग्य विम्याचा हप्ता ८०-डी मध्ये, म्हणजे हा हप्ता करपात्र उत्पन्नातून वजा करू देणाऱ्या कलमात, दाखवायचा असेल, तर आधी जुनी करप्रणाली निवडलीय ना ते बघा. नव्यात ही वजावट मिळत नाही. स्वतः, जोडीदार आणि अवलंबून मुलांसाठी २५,००० रुपयांपर्यंत. आई-वडिलांसाठी वेगळे २५,०००, आणि ते साठीच्या पुढे असतील तर ५०,०००. ते तुमच्यावर अवलंबून नसले तरी चालतं, फक्त हप्ता तुम्ही भरलेला हवा. सासू-सासऱ्यांचा मात्र धरता येत नाही.

आता पावती हातात घ्या. ‘रोख’ लिहिलंय? मग वजावट गेली. एजंट घरी येतो, आई कपाटातून पैसे काढून देते, असं बऱ्याच घरांत चालतं. तिला आजच यूपीआय किंवा चेकची सवय लावा. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, ५,००० रुपयांपर्यंत, तीही वरच्या मर्यादेतच.

दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरलाय? मग तो पूर्ण एकाच वर्षी दाखवू नका. विमा जितक्या आर्थिक वर्षांत चालू असेल, तितक्यांत तो समान वाटला जातो. पॉलिसी क्रमांकही जवळ ठेवा, फॉर्ममध्ये आता तो विचारतात.