स्नॉर्कलिंगला जाताय? निदान या चुका तरी करू नका

मित्रांचं टोळकं एखाद्या छोट्या बेटावर पोचलं की पहिल्या सकाळी ठरलेला प्रयोग होतो. नाश्ता नीट गळ्याखाली उतरलेला नसतो तोवर मंडळी डोळे-नाक झाकणारा मास्क, तोंडात श्वासाची नळी आणि पायांत पोहायचे पंख चढवून पाण्यात, वर तरंगत खालचे मासे बघायला. पाचव्या मिनिटाला त्यातली निम्मी पुन्हा वाळूवर, नाकातून पाणी गाळत, मास्कला शिव्या घालत. मास्क बिचारा बहुतेक वेळा धडधाकट असतो. आमच्या सहलींत ‘जरा बघ ना, याला काय झालंय’ हे खातं कायम माझ्याकडे. त्याच त्या चुका दुरुस्त करून आता कंटाळलोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पट्टा आवळणं

मास्कमध्ये पाणी शिरलं की हात आपोआप पट्ट्याकडे जातो. अजून शिरलं की अजून आवळायचा. इथेच सगळं उलटं होतं. मास्कची सिलिकॉनची मऊ कड चेहऱ्यावर नुसती टेकायची असते. तिला दाबून धरायचं काम बाहेरचं पाणी करतं. पट्टा आहे तो मास्क जागचा हलू नये एवढ्यासाठी. तो ताणून बसवला की मऊ कड दुमडते आणि जिथे घडी पडते तिथूनच पाणी आत येतं.

आमच्यातल्या एकाला भरघोस मिशा आहेत. पहिल्या दिवशी तो चार वेळा बाहेर आला आणि चारही वेळा पट्टा एकेक खाच पुढे ओढून आत गेला. दुपारी जेवायला बसला तेव्हा कपाळापासून गालांपर्यंत लाल चौकट उमटलेली, डोकं ठणकत होतं, आणि तक्रार अशी की ‘हा मास्क मला मोठा होतोय.’ मग दुसऱ्याशी अदलाबदल. त्यातही पाणी! तिसरा मास्क मागायला निघाला तेव्हा मी त्याला उन्हात उभा करून चेहरा नीट बघितला. कपाळावरची केसांची एक बट कडेखाली अडकलेली. एक बट पुरते, त्या फटीतून पाणी झिरपत राहतं. बट मागे सारली, पट्टा तीन खाचा सैल केला, तशी वरची गळती थांबली. उरली मिशी. नाकपुड्यांच्या अगदी खाली, जिथे कड टेकते, तिथली दोन-चार मिलिमीटरची पट्टी काढली तर काम होतं, बाकी मिशी आहे तशी राहते. पण हे मान्य करायला गड्याने दोन दिवस घेतले. शेवटी मी म्हटलं, मिशी की मासे, ठरव. तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तरा घेऊन स्वतःच आला.

मास्क घ्यायच्या आधी एक साधी तपासणी करा. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा बघा. रंग, ब्रँड, किंमत हे सगळं त्यानंतर. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वर बसला पाहिजे. माझी सवय म्हणजे पट्ट्याखाली सहज बोट जातंय का ते बघायचं. जात नसेल तर सैल करायचा, वाद नाही.

आणि थोडं पाणी येणारच. हसलात की गालाला वळी पडते, तिथून येतं. त्यासाठी किनाऱ्यावर परतायची गरज नसते. डोकं वर काढा, मास्कची खालची कड किंचित उचला, पाणी निघून जातं. पाण्याखाली असाल तर वरची कड कपाळाशी दाबून धरायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने हवा सोडायची. हे कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा करून मगच पुढे जा, असं मी प्रत्येकाला सांगतो. दहापैकी आठजण दोनदा करून ‘जमलं की’ म्हणत निघून जातात. तेच आठजण पुढे नाकातोंडात पाणी जाऊन कुणाच्या तरी खांद्याला लटकतात.

काच धुकट होण्याचंही असंच. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो टूथपेस्टने आतून नीट चोळून धुवावा लागतो, आणि तोही निघायच्या आदल्या रात्री नव्हे, तर थोडे दिवस आधी, म्हणजे दोन-तीनदा करता येतं. पाण्यात उतरताना आतून थुंकी फासायची आणि एकदा हलकं विसळायचं. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब. लायटरने काच जाळायची युक्ती हल्ली सगळ्यांना ठाऊक असते. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल करावी, फक्त माझ्या मास्कवर नको.

धापा टाकत श्वास घेणं

नळीत आपणच सोडलेली थोडी हवा उरते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत येते. छोटे छोटे श्वास घेतले की शिळीच हवा पुन्हा पुन्हा फिरते, जीव गुदमरल्यासारखा होतो, माणूस आणखी धापा टाकतो. लांब, संथ श्वास घ्या, आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. नळीत पाणी आलं तर ‘टू’ म्हटल्यासारखी जोरात फुंकर मारा आणि पुढचा पहिला श्वास जपून घ्या. ‘नळी लांब केली तर आणखी खोल जाता येईल का?’ असं दर सहलीत कुणीतरी विचारतंच. नाही येणार. अर्ध्या-एक मीटरवरच पाण्याचा दाब छातीवर एवढा येतो की पृष्ठभागावरची हवा ओढून घेणं फुप्फुसांना झेपत नाही.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मला पसंत नाहीत. शिळी हवा साठायला जागा जास्त, कान मोकळे करायला नाक धरता येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तो पटकन ओरबाडून काढताही येत नाही. नळी तोंडात धरायची सवय दहा मिनिटांत होते. ती दहा मिनिटं वाचवायला लोक तो घेतात.

जाताना पाण्याबरोबर जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण करताना ती फार सुखाची असते. हात-पाय न हलवता खालचे मासे आपोआप मागे सरकत असतात, वाटतं काय झकास पोहतोय आपण. पोहत नसतोच, पाणी नेत असतं.

एका सहलीतलं बेट एवढंसं होतं की अर्ध्या तासात पायी फेरी पूर्ण व्हायची. आम्ही सहाजण. एकाला कासव दिसलं, तो त्याच्या मागे, आणि त्याच्या मागे आम्ही. वारा पाठीवर, पाण्याची ओढ त्याच दिशेला. पाऊण तासाने डोकं वर काढलं तर आमचे टॉवेल म्हणजे लांबवर एक रंगीत ठिपका. वळलो आणि दहा मिनिटं जीव खाऊन पंख मारले. खालचा एक गोल, मेंदूसारखा प्रवाळ मी खूण म्हणून धरला होता. दहा मिनिटांनी तो जिथल्या तिथे. एक नॉटचा प्रवाह म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण आपण साधी माणसं पंख लावूनही फार वेळ त्याच्याहून वेगाने पोहू शकत नाही.

पाचजण शहाणपणाने आडवे वळलो, ओढीशी न भांडता जवळच्या वाळूकडे गेलो आणि पंख काखेत मारून तापल्या वाळूवरून अनवाणी उड्या मारत परतलो. सहावा म्हणाला, मी येतो पोहत, तुम्ही व्हा पुढे. त्याच्या पायांत गोळे आले. तो हळूहळू प्रवाळाच्या रांगेतल्या खिंडीकडे सरकू लागला. त्याने हात उंच करून हलवला. आम्ही वाळूवरून काय केलं? आम्हीही हात हलवले! मजेत आहे असं वाटलं आम्हाला. एका होडीवाल्याने ते पाहिलं आणि त्याला उचलून आणलं. आमच्याकडे त्याने ज्या नजरेने बघितलं ती अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमच्यात पक्कं ठरलंय. हात हलवणं म्हणजे मदत हवी. ठीक असेल तर मूठ डोक्यावर टेकवायची, किंवा दोन्ही हातांचा डोक्यावर गोल करायचा. गंमत म्हणूनसुद्धा पाण्यात हात हलवायचा नाही. आणि अंगठा वर करू नका, पाणबुड्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो.

त्या खिंडीचं नीट समजून घ्या. लाटा प्रवाळाच्या बाहेरच्या कडेवर फुटतात आणि त्यांचं पाणी वरून लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळ आणि किनारा यांच्यामधल्या उथळ पाण्यात, येत राहतं. आत आलेलं पाणी बाहेर जाणार कुठून? कडेत जिथे खंड असतो तिथून. ओहोटी लागली की तिथली ओढ आणखी वाढते, आणि पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला तर फारच. फसवं म्हणजे हीच जागा दिसायला सगळ्यात शांत. तिथे लाट फुटत नाही, पाणी गडद निळं, खाली वाळू. नवखा माणूस नेमका तिथूनच उतरतो, ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा वाराही असाच फसवतो. काठाशी पाणी आरशासारखं, आणि तुम्ही मात्र बाहेर निघालेले.

माझी पद्धत आळशी आहे. आधी पाच मिनिटं काठावर बसायचं. मग कमरेएवढ्या पाण्यात उताणं न होता, तोंड खाली घालून, एखाद्या दगडावर नजर ठेवून मिनिटभर अजिबात न हलता तरंगायचं. शरीर ज्या बाजूला सरकतं त्याच्या उलट बाजूला पहिला अर्धा वेळ पोहायचं, म्हणजे थकल्यावर पाणीच घरी आणतं. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री विचारून ठेवतो. बहुतेक ठिकाणी दोन्हींमध्ये सव्वासहा तासांच्या आसपास अंतर पडतं. भरती पूर्ण व्हायच्या आधीचा शेवटचा तास मला आवडतो. प्रवाळावर पाणी पुरेसं असतं, पोट खरचटत नाही. होडीवाल्यांना विचारायला लाजू नका. ते ‘आज नको’ म्हणाले तर आज नको. कितीला सोडाल, हा प्रश्न तिथे चालत नाही.

बाकीच्या, पटापट

बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नका, ही एक गोष्ट मी हसत सांगत नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो आधीच फुंकून टाकला तर ती सूचना उशिरा येते आणि त्याआधी प्राणवायू संपून माणूस आवाज न करता बेशुद्ध पडतो. म्हणून एकजण खाली गेला की दुसऱ्याने वर थांबून बघायचं. टोळक्याने पोहणं म्हणजे जोडीने पोहणं नव्हे. सहाजणांत प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघतोय.

बुडी मारताना कान दुखायच्या आधी नाक धरून हळू फुंका, दुखल्यावर नाही. पोहायचा गॉगल घालून बुडी मारू नका, नाक बाहेर असल्याने दाब सारखा करता येत नाही आणि डोळे लाल होतात.

पंख वाळूत घालून बदकासारखं चालू नका. पाण्यात जाऊन घाला, आणि चालावंच लागलं तर उलटं चाला.

पाठीवर सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा अंगरखा घाला. गुडघ्यांच्या मागचा भाग हमखास विसरतो आणि मग दोन दिवस खुर्चीत बसता येत नाही. कपाळाला लावलेलं सनस्क्रीन डोळ्यांत उतरतं. शिवाय हवाईने १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेली सनस्क्रीन विकायला बंदी केली, पलाऊ हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश तर त्याच्याही वर्षभर आधी असा नियम करून मोकळा झाला. डबीमागचं वाचून घ्या.

प्रवाळावर उभं राहू नका, ‘एकच सेकंद’सुद्धा नाही. तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वस्ती आहे, आणि थोरले गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढतात. तुम्हालाही त्याचा ओरखडा लवकर भरत नाही. गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा.

माशांना पाव टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

हिंद-प्रशांत भागात टायटन ट्रिगरफिश नावाचा दांडगा मासा घरट्यावर राखण करत असेल तर तो चावायला येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर शंकूसारखी रुंद होत जाते. त्यामुळे वर पळालात तर त्याच्याच अंगणात राहता. आडवं पळा.

मद्य पोहून झाल्यावर. फोनची प्लास्टिकची पिशवी आदल्या दिवशी आत कागद घालून बादलीत बुडवून बघा.

मास्क कपाळावर चढवून उभं राहायची ऐट सोडा, पुढची लाट तो घेऊन जाते. गळ्यात खाली ओढा. संध्याकाळी गोड्या पाण्यात विसळून सावलीत वाळवा. मिशीवाल्याचा मास्क मी हल्ली स्वतःच विसळतो, कारण त्याच्या हातात दिला की परत मिळतो तेव्हा पट्टा एक खाच पुढे गेलेला असतो.